झाडांची सुलट बाजू

मास्तर वाकून बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात बाई पुढे निघाल्या.

"मी होते जरा पुढे. पाय मोकळे करते. तुम्ही या सावकाश," चालता चालताच त्या म्हणाल्या. "पुलावर भेटू."

"हो, हो. तू हो," मास्तर वाकूनच म्हणाले. त्यांची नाडी मघाशीच बांधून झाली होती. आता ते ती सोडून पुन्हा बांधत होते. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

फाटकाशी पाटी होती. 'तळ्याकाठची वाट. सोपी. चढ नाही. लहान मुले व वयस्कर मंडळींसाठी योग्य.' खाली नकाशात निळं तळं, त्याच्या कडेने रान, मग कुरण, परत रान, लाकडी पूल आणि फिरून हेच फाटक. ही पाटी लिहिणारा माणूस स्वतः कधी इथे चालला असेल का, अशी बाईंना पहिल्यापासून शंका होती. सोपं असं जगात काही नसतं, सवयीचं असतं, असं त्यांचं मत. गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात उभा जन्म गेला की माणसाची अशी मतं होतात.

लायसन्सच्या ऑफिसात त्या परीक्षक होत्या. शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर हात ठेवायचे, समोर बघायचं आणि फक्त 'डावीकडे घ्या', 'थांबवा', 'मागे घ्या' एवढंच बोलायचं. बाहेर बाकावर ताटकळणाऱ्यांनी त्यांचं नाव नापासबाई ठेवलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचं. एकदा त्यांना खोकला आला आणि गाडी चालवणाऱ्या मुलीने ती सूचना समजून ब्रेक दाबला. मुलगी वाचली आणि नेमकी पास झाली. ते बाईंच्या जिवाला इतकं लागलं की तेव्हापासून त्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्या बाळगायला लागल्या. धाकट्या दिराला त्यांनी नापास केलं तेव्हा सासूबाईंनी अबोला धरला होता. पुढे स्वतःच्या मुलाचीही तीच गत झाली, पण तोवर सासूबाई थकल्या होत्या.

आज त्या नवऱ्याची परीक्षा घेत होत्या. त्याला न सांगता.

कारण एक कोट होता. मास्तरांचं टेलरिंगचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर, लग्नाच्या आधीपासूनचं. गेल्या महिन्यात त्यांनी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. वकील भला माणूस. आरशासमोर उभा राहून हसला, मास्तरही हसले, दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत. त्यानंतर एकदा ते स्वतःच्या गल्लीवरून सरळ पुढे निघून गेले आणि शेजारच्या काकूंनी त्यांना हाताला धरून आणलं. आणि ही बातमी वाऱ्यावर स्वार होऊन दूरच्या शहरात मुलाच्या कानावर गेली.

"दुकान बंद करू, आई," मुलगा फोनवर म्हणाला होता. "तुम्ही दोघं इकडे या. इथे एक केंद्र आहे. दिवसभर सांभाळतात, खेळ घेतात."

"तुझ्या बाबांनी आयुष्यात पत्त्यांचा डाव मांडला नाही. ते आता खेळ खेळणार?"

"आई, विषय बदलू नकोस."

"एका कोटावरून माणूस निकालात काढतोस? शितावरून भाताची परीक्षा?"

"मग तू घे ना परीक्षा. तुझा हातखंडा आहे त्यात."

तो चिडून बोलला होता, पण बाईंनी ते उचलून धरलं. तळ्याची वाट मास्तरांच्या पायाखालची. दर रविवारी दोघं यायचे, गप्पा मारत. ती फेरी त्यांनी एकट्याने नीट केली तर दुकान चालू राहील. चुकले, तर मुलगा म्हणेल तसं. मुलानेही लगेच मान्य केलं.

"तू म्हणशील ते," तो म्हणाला होता. "तू काही वाढीव मार्क देणार नाहीस, हे मला अनुभवाने माहीत आहे."

म्हणून आज रविवार नसतानाही दोघं आले होते. दुपारी फोन करून निकाल सांगायचा होता.

पहिलं रान दाट पण गुणी होतं. सरळ उंच झाडं, काळपट साल, खाली वाळक्या पानांचा थर आणि त्यातून दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट. डाव्या हाताला खोडांच्या मधून तळं चमकायचं. इथे चुकायला काही वावच नव्हता. परीक्षेतही बाई सुरुवातीला असाच सरळ रस्ता द्यायच्या. माणूस घाबरलेला असतो, त्याला जरा बसू द्यावं. खरी परीक्षा कुरणाच्या पलीकडे होती. दुसरं रान सुरू झालं की वाटेला दोन फाटे फुटायचे. डावा तळ्याकाठाने पुलाकडे जायचा, उजवा वर मोठ्या रस्त्याला. तिथल्या पाटीचा खांब किडला होता आणि तिचा बाण कित्येक दिवस जमिनीकडे बघत होता.

थोडं अंतर गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. सवयच ती. आरशात बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे जन्मभर लोकांना सांगितलेलं.

मास्तर अजून दिसत नव्हते. पण एक वेगळीच गोष्ट दिसली.

नुकत्याच मागे टाकलेल्या एका झाडाच्या खोडावर, छातीच्या उंचीवर, एक पांढरी रेघ होती. बोटभर लांब, तिरकी, स्वच्छ. येताना ही कशी दिसली नाही, म्हणून त्या परत जाऊन झाडापलीकडे उभ्या राहिल्या. येणाऱ्याला दिसणारी बाजू कोरी होती. रेघ फक्त पाठीमागे होती.

वनखात्याची खूण असेल, असं मनात म्हणून त्या पुढे निघाल्या. पण आता डोळ्याला चाळा लागला होता. थोडं चालायचं आणि वळून बघायचं. वाट जिथे जराशी वळायची तिथे एखादं झाड निघायचंच, आणि त्याच्या पाठीवर रेघ. मध्येच एका झाडावर मात्र दोन रेघा निघाल्या, एकीशेजारी एक. झाडं तोडायची असली तर अशी खूण करतात का? मग एक रेघ म्हणजे आज तोडायचं आणि दोन म्हणजे उद्या? आणि ती मागच्या बाजूला कशाला? झाडाला कळू नये म्हणून? बाईंना स्वतःच्याच विचाराचं हसू आलं.

समोरून एक काकू कुत्र्याला घेऊन येत होत्या. खरं तर कुत्राच त्यांना घेऊन येत होता.

"अहो, या झाडांवर खुणा कसल्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"कुठल्या झाडांवर?"

"या सगळ्याच."

काकूंनी झाडाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्या उलट दिशेने येत होत्या, त्यामुळे रेघा त्यांच्या अगदी समोर होत्या आणि तरी त्यांनी आजवर बघितल्या नव्हत्या.

"कीड असेल," त्या म्हणाल्या. "हल्ली सगळ्यालाच कीड लागते." आणि कुत्र्याने त्यांना पुढे ओढून नेलं.

बाईंनी रेघेवर बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. चुना नव्हता, रंग नव्हता. त्यांनी ती भुकटी अंगठ्यावर चोळली. मऊ, किंचित मेणचट. ही भुकटी त्यांना चांगली ओळखीची होती. मास्तरांच्या शर्टाच्या खिशातून, पँटीच्या शिवणीतून, कधी उशीच्या अभ्र्यावरून त्यांनी ती आयुष्यभर झटकली होती. कापडावर खूण करायचा चपटा खडू.

रेघेचा अर्थही मग आपोआप लागला. मास्तर कापड बेतताना डाव्या बाहीला एक रेघ मारत, उजवीला दोन. बाईंनी मागे जाऊन दोन रेघांचं झाड पुन्हा पाहिलं. तिथे वाट उजवीकडे वळत होती. बाकीच्या ठिकाणी, एकेका रेघेपाशी, डावीकडे.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. मास्तर इथे एकटे कधी आले?

रान संपलं तिथे तळ्याचं पाणी वाटेच्या अगदी जवळ यायचं आणि लव्हाळ्यात एक मासे पकडणारा गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसलेला असायचा. त्याच्या बादलीत कुणी कधी मासा पाहिला नव्हता. बाईंची आणि त्याची मान हलवण्यापुरती ओळख होती. आज त्या थांबल्या.

"एक विचारू? इथे दुपारच्या वेळी एक गृहस्थ येतात का? एकटे?"

"उंच, जरा वाकलेले?" त्याने गळावरची नजर हलवली नाही. "येतात की. मला आधी काही कळेना. वाटेवरून चालायचं आणि झाडामागे जायचं. परत चालायचं, परत झाडामागे. म्हटलं, या वयात होतो बऱ्याच जणांना त्रास. पण म्हणून दर झाडाला?"

बाईंना हसावं की रागवावं कळेना.

"तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"तेच बोलले. माझ्या पँटीच्या खिशाकडे बघून म्हणाले, हा टाका कुणी घातला? त्या माणसाला शिक्षा केली पाहिजे." त्याने मांडी जराशी उचलून खिसा दाखवला. "हा मीच शिवलेला. मग दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन आले आणि इथेच बसून उसवून शिवून दिला. चांगला शिवलाय, नाही?"

टाका बारीक आणि सरळ होता. बाईंनी तो ओळखला.

"पहिल्यांदा आले तेव्हा मात्र घाबरलेले होते," गृहस्थ पुढे म्हणाला. आता त्याने बाईंकडे पाहिलं. "वरच्या मोठ्या रस्त्यावर जाऊन पोचले होते. झुडपांतून उतरत आले, सगळ्या पँटीला काटेरी गोंडे चिकटलेले. मला म्हणाले, तळं कुठे आहे? तळ्याच्या काठावर उभं राहून. मी त्यांना फाट्यापर्यंत नेऊन डावी वाट दाखवली. त्यानंतर ते खडू घेऊन यायला लागले. तुमचे कोण?"

"आमचे हे," बाई म्हणाल्या.

ते गोंडे बाईंनी स्वतः एकेक करून काढले होते. कुठे गेला होतात, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले होते, गिऱ्हाइकाकडे, माप घ्यायला. कोण गिऱ्हाईक रानात राहतं, असं त्यांनी तेव्हा विचारायला हवं होतं. पण तेव्हा दूध उतू जात होतं.

कुरणात ऊन होतं. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं आणि मधून पायवाट. बाई त्यातून झपाझप चालल्या, कारण त्यांना राग आला होता. म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं तर. परीक्षा कधी आणि कुठे, हे त्याने आधीच ताडलं होतं. मुलगा फोनवर बोलत होता तेव्हा हा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, आणि पेपर उलटा नव्हता ना, हे कुणी बघितलं? दुकानात जातो म्हणून निघायचं आणि इथे येऊन तालीम करायची. याला सरळ भाषेत कॉपी म्हणतात. नियमाप्रमाणे कॉपी करणाऱ्याला गाडीतून उतरवायचं असतं.

कुरणाच्या मध्यावर येईपर्यंत राग ओसरला, आणि त्याच्या जागी एक वेगळाच विचार आला. त्यांचे पाय आपोआप हळू झाले.

खुणा मागच्या बाजूला होत्या.

मास्तर कापडाच्या सुलट बाजूला कधी खडू लावत नसत. कापड उलटं करायचं, उलट बाजूवर खूण करायची, म्हणजे शिवून झाल्यावर गिऱ्हाइकाला रेघ दिसत नाही. हाताखालच्या पोरांना ते याच एका चुकीसाठी रागवायचे. तोच हात इथेही चालला. चालत यायचं, झाड ओलांडायचं, झाडाची मागची बाजू आपलीशी करायची आणि तिथे नीट, तिरकी, व्यवस्थित रेघ मारायची. येणाऱ्याला ती दिसणारच नाही, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं.

म्हणजे आता मागून मास्तर येत होते. प्रत्येक झाडाकडे बघत. आणि प्रत्येक झाड कोरं होतं.

बाईंना भीती वाटली. एकदा परीक्षा घेताना गाडी घाटात मागे सरकली तेव्हाही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती, कारण तेव्हा पायाशी जादा ब्रेक होता.

परत जावं का? परत गेलं तर परीक्षा तिथेच संपली, आणि मुलाला सांगायला काही उरलं नाही. आणि सांगायचं काय? की तुझ्या बाबांनी खुणा केल्या होत्या, पण स्वतःपासूनच लपवून? मुलगा लगेच म्हणेल, बघ, मी काय सांगत होतो. आणि त्याचं चुकलं असं म्हणता यायचं नाही.

त्या फाट्यापाशी आल्या. दोन वाटा, दोन्ही सारख्याच रुंद, दोन्हींवर सारखीच पानं पडलेली. मध्ये एक जाडजूड झाड. समोरून कोरं. त्या झाडाला वळसा घालून मागे गेल्या. इथली रेघ बाकीच्यांपेक्षा ठळक होती. एकावर एक, पुन्हा पुन्हा गिरवलेली, इतकी की खडूचे कण सालीच्या भेगांत बसले होते. डावी बाही. डावीकडे. मास्तरांनी किती वेळा येऊन ही गिरवली असेल, याचा हिशेब बाईंनी केला नाही.

त्या डाव्या वाटेने थोडं पुढे जाऊन एका झुडपाआड उभ्या राहिल्या. पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली.

मास्तर बऱ्याच वेळाने आले. कुरण ओलांडून रानात शिरताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. चाल नेहमीचीच, जरा वाकलेली, पण मान मात्र प्रत्येक झाडाकडे वळत होती. फाट्यापाशी येऊन ते थांबले.

आधी त्यांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. पडक्या पाटीकडे पाहिलं. मग त्या जाड झाडापाशी गेले आणि त्याच्या समोरच्या बाजूवर तळहात ठेवला. खालून वर, वरून खाली हात फिरवला. कापडाचा पोत बघताना फिरवायचे तसाच. काही सापडलं नाही. त्यांनी बोटं डोळ्यांजवळ नेऊन बघितली, खडू लागलाय का ते. मग चष्मा पुसला आणि पुन्हा तोच कोरा भाग बघितला.

"इथेच होती," ते झाडाला म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

बाईंच्या तोंडातली गोळी विरघळून गेली होती. एक शब्द पुरला असता. दुकानात हाच शब्द मास्तर दिवसातून कितीदा म्हणायचे. कापड उलटून बघ. पण परीक्षेत बाईंनी आयुष्यात कुणाला एक शब्द जास्त सांगितला नव्हता. दिराला नाही, मुलाला नाही. जो नियम परक्याला तोच घरच्याला, यावरच त्या जगल्या होत्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली. उजव्या वाटेवर एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"अहो," बाई म्हणाल्या. "झाड उलटून बघा."

मास्तर वळले. त्यांनी झाडाकडे बघितलंच नाही. झुडपाबाहेर आलेल्या बाईंकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. ते सरळ डाव्या वाटेने त्यांच्याकडे चालत आले.

"अहो, झाडामागे बघा म्हटलं ना."

"आता कशाला बघू? तू दिसलीस की."

बाईंनी मास्तरांच्या बाहीवरचं वाळकं पान काढलं, मग दुसऱ्या बाहीवर काही नव्हतं तरी तीही झटकली.

"खडू कुठे गेला माझा?" मास्तर म्हणाले. "मी मारला होता. मला वाटलं, पावसाने गेला. मग वाटलं, मी मारलाच नसेल. नुसतं मनात मारला असेल. हल्ली तसं होतं माझं."

"मारलाय. मागच्या बाजूला आहे. सगळ्या झाडांना मागेच मारलाय तुम्ही."

मास्तर झाडापर्यंत गेले, पलीकडे डोकावले आणि बराच वेळ आपलीच रेघ बघत राहिले. बाई वाट बघत होत्या की आता ते खचतील.

"बरोबर आहे मग," ते काहीशा घुश्शातच म्हणाले. "सुलट बाजूला खडू लावतात का कुणी?"

बाई हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांनी पर्समधला रुमाल शोधला, तेवढ्यात मास्तरांनी आपला पुढे केला. त्यालाही खडू लागलेला होता.

"तुम्हाला कसं कळलं, मी परीक्षा घेणार म्हणून?"

"महिनाभर तू माझ्याकडे कशी बघतेस माहीत आहे? गाडी मागे घेणाऱ्याकडे बघावं तशी. आता धडकतोय, मग धडकतोय." मास्तर एका आडव्या ओंडक्यावर टेकले. "आणि नापासबाईंसमोर तयारी न करता जायला मी काय वेडा आहे?"

तो शब्द बोलून गेल्यावर दोघंही तळ्याकडे बघायला लागले. तळ्यावर एक पाणकोंबडी घाईघाईने कुठेतरी निघाली होती.

"मी त्या केंद्रात जाणार नाही असं नाही," मास्तर म्हणाले. "वेळ आली तर जाईन. पण दुकानाचं शटर मीच खाली ओढणार. माझ्यामागे कुणी ओढलेलं मला नाही चालायचं."

"मला सांगायचंत ना."

"तुला? तू नियमाची बाई. तुला सांगितलं असतं तर तू पेपरच बदलला असतास."

हे खरं होतं. पर्समधला फोन वाजला. मुलाला दुपारपर्यंत दम निघालेला नव्हता.

"काय झालं, आई? केली बाबांनी फेरी?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तळ्याकडे बघत होते, पण त्यांचा एक कान इकडे होता. टोपी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती, बाहेरच्या बाकावर बसून नाव पुकारायची वाट बघणारे लोक धरतात तशी.

"अर्ध्यात आलोय," बाई म्हणाल्या.

"आलोय म्हणजे? तू बरोबर आहेस? ते एकट्याने करायचं होतं ना? मग पास की नापास?"

बाईंनी आयुष्यात खोटा निकाल दिला नव्हता. आजही द्यायचा नव्हता.

"शिकाऊ लायसन्स," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शिकाऊ लायसन्स दिलंय. गाडी चालवायची, पण शेजारी माणूस बसलेला पाहिजे. मी बसेन. दुकानातही बसेन. बाह्या शिवायच्या आधी मी तपासणार, डावी कोणती, उजवी कोणती. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे तुला माहीत आहे."

"आई, हे असं किती दिवस चालणार?"

"शिकाऊ लायसन्सला मुदत असते. संपली की पुन्हा परीक्षा. तेव्हाचं तेव्हा बघू, आणि जे दिसेल ते तुला जसंच्या तसं सांगेन."

मुलगा म्हणाला, "मला तर तू सरळ नापास केलं होतंस."

"तू सिग्नल तोडला होतास," बाई म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये ठेवला.

मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली. ती सरळ बसली.

"चला," ते म्हणाले. "पूल कुठे, डावीकडेच ना?"

"थांबा जरा. खडू आहे जवळ?"

खडू असणारच होता. मास्तरांनी वरच्या खिशातून तो चपटा तुकडा काढला. कडा झिजून गोल झालेल्या. बाईंनी तो घेतला आणि त्या जाड झाडापाशी परत गेल्या. मागच्या बाजूला नाही, पुढच्या. वाटेवरून येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर त्यांनी हात टेकवला.

"अगं, हे काय करतेस?" मास्तर लगबगीने जवळ आले. "सुलट बाजूला? सगळ्यांना दिसेल ते."

"दिसू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रेघ ओढली.

त्यांच्या हाताला सवय नव्हती. रेघ जाड आली, वाकडी आली आणि शेवटी खडूचं टोकच मोडलं. मास्तर चष्मा सावरून ती बघत राहिले. मग त्यांनी बाईंच्या हातातून खडू काढून घेतला, बाईंची रेघ तशीच राहू दिली आणि ते कुरणाच्या दिशेने मागे वळले.

"तिकडे कुठे? पूल इकडे आहे."

"मागची झाडं राहिली ना सगळी," मास्तर म्हणाले. "सुरुवातीपासून करू. चल, बस शेजारी."